नळी काढली, ते सांगायचं राहिलं

प्रिय पोरी,

सूनबाई लिहावं तर कागदोपत्री चुकतं, आणि नुसतं नाव लिहिलं तर मलाच परकं वाटतं. म्हणून पोरी. सोबत उशीचे दोन अभ्रे पाठवते आहे. कापड जुनं, शिलाई नवी. एकाचा कोपरा जरा तिरका गेलाय. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक, आणि फुकटात डोळे तपासून देणारं आता घरात कुणी नाही. तुझं नवं चष्म्याचं दुकान कसं आहे, मालक बरा आहे का, जेवायला वेळ देतो का, हे सगळं विचारायचं होतं. पण माझी सवय तुला ठाऊक आहे. मी विचारायला बसते आणि आपलंच दळण दळत राहते. तेव्हा आधी माझं दळून घेते.

इमारतीत नवीन काही नाही. लिफ्ट महिन्यातून दोनदा बंद पडते. खालचे रिटायर्ड कंडक्टर भेटले की अजून तोच सुस्कारा टाकतात, "काय नशीब बघा वहिनी, तुमचा मुलगा लिफ्टा दुरुस्त करणारा माणूस, आणि पडला कुठे तर जिन्यावरून." पहिल्या वर्षी मला हे ऐकून त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटायचं. आता मी "हो ना" म्हणते आणि पिशवी दुसऱ्या हातात घेते. मला वाटतं, त्यांना माझ्याशी काहीतरी बोलायचं असतं आणि दुसरं काही सुचत नाही. लोकांना नाहीच सुचत. तुझ्या आईबाबांनाही सुचायचं नाही, मलाही सुचायचं नाही. आपण दोघी आपल्या कामाचं बोलायचो. पाणी उकळलं का, सिरिंज धुतली का, आज कुठल्या कुशीवर वळवला होता.

आपला ढब्बू सकाळी लवकर उठतो. मी अजून त्याला ढब्बूच म्हणते, बरगड्या मोजून घ्याव्यात असा झाला तरी. लहानपणी शेजारच्या चार घरी जेवून आमच्याकडे पाचव्यांदा ताटावर बसणारा पोरगा. त्याचा बाप म्हणायचा, याला पोट नाही, गोदाम आहे. शाळेत डबा उघडायच्या आधीच संपलेला असायचा. अशा माणसाच्या नशिबी हे यावं याच्यावर मी पूर्वी फार विचार करायचे. हल्ली करत नाही. विचार करायला बसले की डोक्यात गरम पाण्याची वाफ भरल्यासारखं होतं, पुढचं दिसत नाही, आणि तेवढ्यात काहीतरी काम निघतं.

तुला ती दवाखान्यातली सकाळ आठवते का, तो डोक्यावर पडल्यानंतरची? नाकातली नळी त्यानं परत एकदा उपसून काढली होती. नाकपुडीला आतून जखम झालेली, हात पट्ट्यांनी पलंगाला बांधलेले. पोटाचे डॉक्टर आपल्याला बाजूच्या छोट्या खोलीत घेऊन गेले. तिथे एक मोडकं वजनाचं यंत्र होतं आणि बसायला एकच खुर्ची. तू मला बसवलंस. डॉक्टर म्हणाले, "नाकातली नळी थोड्या दिवसांसाठी असते. यांना गिळता यायला किती काळ लागेल, येईल की नाही, हे मला सांगता येणार नाही. घास श्वासाच्या वाटेला गेला तर न्यूमोनिया होतो. पोटातून थेट नळी घालू, त्रास कमी, घरीही नेता येईल." मी एवढंच ऐकलं की पोटाला भोक पाडणार. आणि मी जी काय बोलले! जनावराला तरी तोंडानं चारतात, माझ्या मुलाला काय टाकी समजलात, असलं काहीतरी. डॉक्टर बिचारे चष्मा काढून पुसत बसले. मला रागापेक्षा भीती जास्त होती गं. नाकातली नळी ही मला पाहुण्यासारखी वाटत होती. आली आहे, जाईल. पोटातली म्हणजे बिऱ्हाड थाटणार. तू माझ्यासमोर जमिनीवर उकिडवी बसलीस, माझे दोन्ही गुडघे धरलेस आणि म्हणालीस, "आई, तो उपाशी आहे. बाकीचं नंतर बघू." सही तू केलीस. मला कधी करायला लावली नाहीस, आणि नंतर कधी बोलूनही दाखवलं नाहीस.

आत कसं केलं ते मला मागाहून त्या उंच नर्सनं सांगितलं. तोंडातून दुर्बीण घालतात, तिच्या टोकाला दिवा असतो. मग खोलीतले दिवे मालवतात आणि पोटाच्या कातडीवर आतून तांबूस उजेड दिसतो, तिथे बोट दाबून जागा ठरवतात. तिच्यासाठी रोजचं काम होतं. मला मात्र ते कितीतरी दिवस डोळ्यांसमोर दिसत राहिलं, माझ्या पोराच्या पोटातून उजेड येतोय आणि अनोळखी माणसं त्यावर बोट ठेवून उभी आहेत.

घरी आणल्यावरचं तुला मी काय सांगू! तूच मला शिकवलंस सगळं. आधी डोकं उंच करायचं, मग नळीत थोडं साधं पाणी, मग दांडा काढलेली सिरिंज हातात उंच धरायची आणि त्यात दूध-पावडरीचं ते पातळ खाणं हळूहळू ओतायचं. ढकलायचं नाही, आपल्या वजनानं उतरू द्यायचं. शेवटी परत पाणी, नाहीतर नळी तुंबते. नळीच्या मुळाशी कातडी लाल झालीय का बघायचं, नळी रोज जराशी फिरवायची. पहिल्यांदा निम्मं मी त्याच्या छातीवरच सांडलं. तू हसलीस. "आई, कॉलर शिवताना तुमचा हात हलत नाही आणि इथे काय झालं?" मग मी माझ्या पद्धतीनं शहाणी झाले. त्याच्या सगळ्या शर्टांना पोटापाशी झडप शिवली, बटण आतून. नळीला सुती पिशवी शिवली, म्हणजे तो झोपेत ओढणार नाही. दवाखान्यातल्या बायका ती पिशवी बघून माझ्याकडे मागायला लागल्या. मी चार-पाच जणींना शिवून दिल्या. शिवणकामाच्या कारखान्यात इतकी वर्षं काढून जे नाव मिळालं नाही ते असं मिळालं.

पण पोरी, त्यात एक गोष्ट झाली जी आपण दोघींनी एकमेकींना सांगितली नाही. घरातलं जेवण संपलं. भांडी होती, गॅस होता, आपण काहीतरी शिजवत होतो, पण जेवण म्हणून जे असतं ते संपलं. तो आत पडलेला, छताकडे बघणारा, हाक मारली तर कधी डोळे वळवणारा, कधी नाही. त्याला फोडणीचा वास जाऊ नये म्हणून आपण फोडणी करणं सोडलं. मग टेबलावर बसणं सोडलं. मग ताटं घेणं सोडलं. ओट्यापाशी उभं राहून पातेल्यातूनच दोन घास. त्याचं किती उतरलं हे आपल्याला पक्कं माहीत असायचं, आणि आपण जेवलो की नाही ते आठवायचं नाही.

आणि मग ती सकाळ. तुला ती माहीत नाही, कारण तुझ्या दृष्टीनं त्यात काही घडलंच नव्हतं. मी स्वयंपाकघरात आले तर तू कामावर जायच्या कपड्यांत उभी होतीस, खांद्याला पर्स, आणि हातात त्याच्या खाण्याचा मग. त्याला देऊन तळाशी थोडं उरलं होतं. ते तू पीत होतीस. ते कोमट, पांढरं, गोडसर, साबणाच्या वासाचं. वाया जाऊ नये म्हणून. मी विचारलं, "कसं लागतं गं?" तू म्हणालीस, "काय कसं लागतं?" तुझ्या लक्षातच नव्हतं की तू काही पितेयस. मग विसळून ठेवलास, "येते आई," म्हणालीस आणि गेलीस. दरवाजा लागल्यावर मी किती तरी वेळ तो मग हातात घेऊन उभी होते. मला रडू आलं नाही. मला फक्त कळलं, की या घरात आता नळी लावलेली माणसं दोन झालीत. माझं तर काय, मी म्हातारी आहे, पण तुझं वय मला त्या दिवशी पहिल्यांदा आठवलं.

त्यानंतर मी कशी वागले ते तुला ठाऊकच आहे. आधी गोड बोलून सांगितलं, जा, तुझं आयुष्य बघ. तू माझ्याशी आठवडाभर बोलली नाहीस. मग डॉक्टरांना सांगायला लावलं. त्यांनी तुला समोर बसवून खरं ते सांगितलं, की इतका काळ गेल्यावर आता फार फरक पडेल असं त्यांना वाटत नाही. तू म्हणालीस, "मग काय झालं?" तेव्हा माझा नाइलाज झाला. लग्नानंतर कधी केला नाही तो सासुरवास मी तुला उशिरा का होईना करून दाखवला. तुझ्या हातून सिरिंज काढून घेतली. तू कालवलेलं खाणं ओतून दुसरं केलं. तुझ्यासमोर शेजारणीला म्हटलं की हिच्या हाताला स्वच्छता नाही. तुझ्या बापाला फोन करून म्हटलं, तुमची मुलगी घेऊन जा, मला तिचा जाच होतो. ते माझ्यावर ओरडले, मी त्यांच्यावर ओरडले, आणि फोन ठेवल्यावर मला वाटतं आम्ही दोघंही आपापल्या घरात एकाच कारणासाठी गप्प बसलो असू. तू बॅग भरत होतीस तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तू पाया पडायला आलीस तर मी चिमटे शोधत राहिले. मला वळता येत नव्हतं. वळले असते तर तुझी बॅग मीच रिकामी केली असती. त्या दिवशीचा माझा चेहरा तू पाहिला नाहीस तेच बरं झालं. पण मी जे वागले त्यात काही खोट होती असं आजही मला वाटत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन, फक्त शेजारणीला नाही सांगणार. तिनं ते सगळीकडे केलं.

तू गेलीस. घटस्फोटाचे कागद झाले. मग तुझं त्या भूगोलाच्या सरांशी जमल्याचं कानावर आलं, आणि माणूस शांत आहे असंही आलं. मला बरं वाटायला हवं होतं. मी बसून वाट पाहिली बरं वाटण्याची. काही आलं नाही. वाईटही वाटलं नाही. पोरी, मला हल्ली काही वाटतच नाही. बोटात सुई गेली तर रक्त दिसल्यावर कळतं. शेजारणीची आई वारली तेव्हा मी भेटायला गेले, तिथे सगळ्या बायका रडत होत्या, आणि मी भिंतीवरचं घड्याळ बघून हिशेब करत होते, त्याला दुपारचं द्यायची वेळ झाली का. मी दगड झाले असं म्हणत नाही. दगडाला निदान ऊन लागलं की तो तापतो.

आता ते सांगते ज्याच्यासाठी इतकं दळण दळलं. दवाखान्यानं गिळायला शिकवणारी एक मुलगी घरी पाठवायला सुरुवात केली. स्पीच थेरपिस्ट. तुझ्याच वयाची, फार बोलकी, पायात प्रत्येक वेळी वेगळ्याच रंगाचे मोजे. मी तिला आधीच सांगितलं, बाई, उगाच आशा लावू नका. ती म्हणाली, "मावशी, मी आशा आणलेलीच नाही, मी चमचा आणलाय." बर्फात बुडवलेला चमचा ती त्याच्या जिभेला लावायची, गालाला आतून लावायची, गळ्यावर बोटं ठेवून वाट बघायची. कित्येक आठवडे नुसतं हेच. तो तिच्याकडे बघायला लागला होता, तेवढं मी पाहिलं होतं. नंतर डोळ्यांनी तिच्या मोज्यांकडे बघायला लागला. एकदा तिचे मोजे दोन रंगांचे होते, तर तो हसल्यासारखा झाला. मी म्हटलं, भास असेल.

मग एके दिवशी तिनं चमच्यावर पावडर घालून घट्ट केलेलं थोडंसं पाणी दिलं, हनुवटी छातीकडे वाकवली, आणि त्याच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. पुन्हा एकदा वर गेली, खाली आली. ती पोर ओरडलीच. "गिळलं! मावशी, गिळलं!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला मिठी मारली. आणि मी तिच्या खांद्यावरून बघत होते की सिरिंज अजून धुवायची राहिलीय. तुला खोटं सांगणार नाही. ज्या क्षणाची मी वाट पाहिली होती, ज्याच्यासाठी कुठे कुठे काय काय नवस बोलले होते, तो माझ्या समोरून गेला आणि मी भांडी घासायला गेले.

पुढचं फार हळू झालं. दवाखान्यात एक्स-रेच्या पडद्यावर घास कुठे जातो ते बघितलं. मळलेलं केळं, मग दही, मग कुस्करलेला बटाटा. प्रत्येक घासाला हनुवटी खाली आणि दोनदा गिळायचं. एका वाटीला अख्खी सकाळ जाते. ठसका लागला की मी चमचा टाकून त्याची पाठ धरते. तो बोलायलाही लागलाय, पण तू ज्याला ओळखत होतीस तो नाही. डावा हात उचलत नाही. भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जातो. शब्द सापडत नाहीत. सगळ्या यंत्रांना लिफ्ट म्हणतो. वॉशिंग मशीन लिफ्ट, मिक्सर लिफ्ट, माझं शिवणयंत्र छोटी लिफ्ट. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी रडतो, आणि खरं रडण्यासारखं काही असलं तर जांभई देतो. सकाळचं दुपारी आठवत नाही. मला रोज सांगतो की बाबा कामावरून आले नाहीत अजून. बाबा जाऊन किती काळ झाला ते तुला माहीत आहे.

तोंडानं पुरेसं जातंय अशी खात्री झाल्यावर गेल्या महिन्यात नळी काढली. तेच पोटाचे डॉक्टर. मला वाटलं होतं पुन्हा भूल, पुन्हा दुर्बीण. त्यांनी नुसतं त्याच्या पोटावर एक हात ठेवला, म्हणाले, "जरा ओढल्यासारखं वाटेल," आणि ओढली. बुचासारखा आवाज झाला. तो "आई गं" म्हणाला. ते म्हणाले, "झालं." मी विचारलं, "आणि ते भोक?" ते म्हणाले, "आपोआप मिटेल. शरीराला उघडं राहायला आवडत नाही." नर्सनं नळी पिवळ्या डब्यात टाकली, वर कापसाचा बोळा टाकला. मी बघत राहिले. तिच्याशी माझं इतकं भांडण, आणि तिनंच माझा मुलगा जगवला. डॉक्टर मला म्हणाले, "तुमच्या सूनबाईंना कळवा, त्यांनी फार केलं." त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी "कळवते" म्हटलं. तेच राहिलं होतं.

घरी आल्यावर मी ओट्यापाशी गेले आणि पाणी उकळायला ठेवलं. कशाला, ते माझं मलाच कळेना. मग दोन ताटं काढली. धूळ होती, धुतली. टेबलावर त्याच्या समोर बसले. फोडणी केली होती बरं का, खूप दिवसांनी. त्यालाही ठसका, मलाही ठसका. पहिला चमचा त्यानं गिळला, दुसरा गिळला, आणि मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला, "साहेब कुठंय?"

तुला तो साहेब का म्हणायचा ते मला त्यानंच सांगितलं होतं, लग्नाच्या आधी. डोळे ठणठणीत असताना हा तीनदा तुझ्या दुकानात नंबर काढायला आला, आणि तिसऱ्या वेळी तू त्याला म्हणालीस, "डोळ्यांत काही दोष नाही, दोष वर आहे." घरी येऊन म्हणाला, आई, साहेब फार कडक आहेत.

मी त्याच्याशी खोटं बोलू शकले असते. कामावर गेलीय, येईल, असं सांगितलं असतं तर तो संध्याकाळपर्यंत विसरला असता. पण मी म्हटलं, "गेली. मी पाठवली तिला. तिला तिकडे चांगला माणूस मिळालाय, ती लग्न करणार आहे." त्यानं घास तोंडात तसाच धरला. मी घाबरले, आता ठसका लागणार. त्यानं हनुवटी खाली केली, दोनदा गिळलं, नीट, शिकवल्यासारखं. मग म्हणाला, "बरं." आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं. ते बरं कशाला होतं, बातमीला की बटाट्याला, मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा, "साहेब कुठंय?" मी पुन्हा सांगितलं. पुन्हा "बरं." तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज मी तुला नव्यानं पाठवत होते गं, ताटावर बसून. आणि रोज तो पहिल्यांदाच ऐकत होता. मग एकदा ती मोजेवाली मुलगी आली असताना तिनं नेहमीसारखं विचारलं, घरी कोण कोण असतं? एरवी तो "आई, बाबा, साहेब" म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला, "आई." बोटानं टेबल घासलं. "साहेब गेली. आईनं पाठवली. चांगलं आहे तिकडं." ती मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मला हळूच म्हणाली, "मावशी, पडल्यापासून त्यांच्या डोक्यात राहिलेली ही पहिली नवी गोष्ट आहे." त्या दिवसापासून त्यानं विचारलेलं नाही. बाबांचं अजून रोज विचारतो.

आता तुझा मेसेज. तुला कुणी कळवलं ते मी विचारत नाही, या इमारतीत काय लपतं! "आई, तो जेवतोय हे खरं का? मी लग्नाची तारीख पुढे ढकलली आहे. मी येऊ?" त्यानंतर तू करतेयस ते सगळे फोन वाजू दिले मी. रागावू नकोस. तो मेसेज वाचला तेव्हा माझा अंगठा आपोआप अक्षरं शोधायला लागला होता. 'ये' लिहायला एकच अक्षर लागतं. मला तू हवी आहेस, पोरी, त्याच्याहून जास्त मला हवी आहेस, आणि इतक्या दिवसांत मला काही वाटलं असेल तर ते त्या क्षणी, छातीत असं दुखलं की मी खाली बसले. म्हणूनच फोन ठेवून दिला आणि कागद घेतला. 'येऊ नकोस' लिहायला मला एवढी पानं लागली. तो जेवतोय, खरं आहे. पण तू ज्याच्याकडे येशील तो जिन्यावरून खाली आलाच नाही, आणि जो इथे आहे त्यानं तुझ्याशिवाय जेवायला शिकून घेतलंय. तू गेलीस हे त्यानं घासाघासानं पाठ केलंय. त्याला आलेली ही पहिली गोष्ट आहे, ती खोटी पाडू नकोस. सरांना आज फोन कर आणि जुनीच तारीख धर. त्या दिवशी पोटभर जेव, बसून, ताटात घेऊन, आणि कसं लागलं ते मला चार ओळींत कळव.

कागदावर आता तुझी कुणीच नसलेली, तरी तुझीच,
आई